रस्ता, वस्ती आणि लोरीचे नगर

नगररचनेच्या अहवालाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा मराठी समीक्षेत नाही. कवितासंग्रह, कादंबरी, चरित्र, फार तर प्रवासवर्णन, एवढ्यावर आमचे परीक्षण थांबते. आणि ज्या कागदांवरून आपल्या पेठा, आपले वाडे आणि आपल्या मुलांच्या कामाच्या वाटा ठरतात, ते कागद अभियंत्यांच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. वास्तविक तेही कोणीतरी लिहिलेलेच असतात. त्यांतही निवेदक असतो, गृहीतके असतात, काय सांगावे आणि काय गाळावे याची निवड असते. म्हणून या वेळी आम्ही अशा एका ग्रंथाचे वाचन वाचकांपुढे ठेवीत आहोत. आयरा लोरी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा 'अ मॉडेल ऑफ मेट्रोपोलिस' हा प्रबंध १९६४ साली रँड कॉर्पोरेशनने प्रसिद्ध केला. त्याच्या शेजारी आम्ही दुसरा ग्रंथ ठेवणार आहोत, तो आपल्या घरचा म्हणावा असा : पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबारास सादर केलेला इंदूर नगराचा द्विखंड अहवाल. दोहोंत जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे आणि स्वभावात त्याहूनही अधिक. पण दोघांपुढचा प्रश्न एकच आहे : जमिनीचा वापर आणि वाहतूक यांचा विचार एकत्र करावा तो कसा?

प्रश्न सांगायला सोपा आहे. रस्ता झाला की त्याच्या कडेने वस्ती वाढते. वस्ती वाढली की गर्दी होते. गर्दी झाली की रस्ता रुंद करतात किंवा नवा काढतात. आणि नवा रस्ता झाला की पुन्हा वस्ती. हे चक्र कोणत्याही गावातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास डेट्रॉइट आणि शिकागो येथे वाहतुकीच्या मोजणीचे जे शास्त्र उभे राहिले, त्याने हे चक्र एका ठिकाणी कापले. पुढील वीस वर्षांत कोठे किती माणसे राहतील आणि कोठे किती कामाला जातील, हे एका नकाशावरून आयते घ्यायचे. मग त्यांच्या फेऱ्या मोजायच्या, त्या कोठून कोठे होतील याची वाटणी करायची, कोणत्या वाहनाने होतील ते ठरवायचे आणि शेवटी त्या रस्त्यांवर सोडायच्या. चार पायऱ्यांची ही रीत आजही जगभर चालते. तिचा हिशेब चोख असतो; पण जो नकाशा तिने आयता घेतला, तोच तिच्या उत्तराने बदलणार असतो, याची नोंद तिच्यात कोठेच होत नाही. १९५९ साली वॉल्टर हॅन्सन यांनी वॉशिंग्टनच्या परिसराचा अभ्यास करून दाखविले की जेथून कामाच्या जागा सहज गाठता येतात तेथे मोकळी जमीन लवकर भरते. जाण्यायेण्याची सोय हीच जमिनीचे भवितव्य घडविते, असा त्याचा इत्यर्थ. लोरी यांनी पाच वर्षांनी हे सूत्र उचलून त्यातून एक संपूर्ण नगर रचले.

त्यांची रचना मोठी देखणी आहे. नगर म्हणून त्यांच्यापुढे पिट्सबर्ग होते, पोलादाचे शहर. त्याचा परिसर त्यांनी एकेक चौरस मैलाच्या चौकोनांत विभागला आणि कामधंद्याचे दोन वर्ग केले. ज्या कारखान्यांचे गिऱ्हाईक शहराबाहेर आहे, त्यांतील रोजगार 'मूलभूत'. शहरातल्याच माणसांच्या गरजा भागविणारा, म्हणजे वाणी, शिंपी, शाळामास्तर, वैद्य यांचा रोजगार दुसरा. मूलभूत रोजगार कोठे आहे हे ग्रंथकार आधी सांगून टाकतो. तो का तेथे आहे याची चर्चा करीत नाही. मग त्या कामगारांची घरे कामापासूनच्या अंतराच्या मानाने चौकोनांत पसरतात. घरे आली की त्यांच्या ओढीने दुकाने येतात. दुकानांत काम करणाऱ्यांनाही घरे लागतात. ती आली की आणखी दुकाने.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका गिरणीत १,००० माणसे लागली आणि दर कामामागे घरची मिळून अडीच माणसे धरली, तर २,५०० लोक वस्तीला आले. दर पाच माणसांमागे सेवेचे एक काम धरले तर ५०० कामे निघाली. त्यांच्यामागून १,२५० लोक आले, त्यांच्यासाठी २५० कामे, आणि असे निम्म्यानिम्म्याने होत होत शेवटी हिशेब २,००० कामे आणि ५,००० लोक यांवर येऊन स्थिरावतो. गिरणी एक हजारांची, गाव पाच हजारांचे. शाळेत शिकलेली भूमिती श्रेढी येथे नगर वसविताना दिसते, आणि ज्यांना गणिताचा कंटाळा नाही त्यांना या पानांत काव्याचा आनंद मिळेल, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता समीक्षकाचे काम. पहिली गोष्ट म्हणजे या नगराला काळ नाही. लोरी स्वतःच त्याला तत्काळ उभे राहिलेले महानगर म्हणतात, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. कोणती पेठ आधी वसली, कोणती नंतर, आग कधी लागली, प्लेग कधी आला, हे काहीही या गणितात शिरत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हा ग्रंथ केवळ रीति-वर्तमानकाळात लिहिलेला आहे. दुसरी गोष्ट जमिनीच्या वाटणीची. प्रत्येक चौकोनातून प्रथम निरुपयोगी जमीन वजा होते, मग कारखान्यांची, मग दुकानांची; आणि उरेल ती घरांची. दुकानाला जागा हवी असेल तर ते घेते, घराने उरल्यासुरल्यात दाटीने बसावे, आणि दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दुसऱ्या चौकोनात जावे. वजाबाकीचा हा क्रम एका ओळीत सांगितला जातो आणि वाचक पुढे निघून जातो. आम्ही त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. बाजारपेठेतल्या जुन्या घरांचे खालचे मजले एकेक करून दुकाने कसे झाले आणि मग वरचे कसे झाले, हे ज्यांनी इंदुरात, ग्वाल्हेरात किंवा बडोद्यात पाहिले आहे, त्यांना या ओळीत अन्याय दिसेल. परंतु ती खोटी आहे असे म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट आमच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याची. लोरींच्या कामगाराला जात नाही, भाषा नाही, सोयरे नाहीत. त्याला फक्त अंतर कळते. आता आपल्या घराण्यांचा इतिहास या भाषेत मांडून पाहावा. आपले पूर्वज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आले ते फौजेबरोबर, दफ्तराबरोबर. होळकर, शिंदे, गायकवाड यांची दरबारे हाच त्या नगरांचा मूलभूत रोजगार होता. कारकुनामागून भटजी आले, भटजींमागून सोनार, शिंपी, मास्तर आले, आणि राजवाड्याभोवती गाव भरले. येथपर्यंत लोरींचे गणित इतके चपखल बसते की नवल वाटावे. पण १९४८ साली मध्य भारत राज्य झाले, १९४९ साली बडोदे मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९५६ साली राजधानी भोपाळला गेली. मूलभूत रोजगार संपला. गणिताप्रमाणे त्याच्यामागून आलेली सर्व वस्ती कागदावरून पुसली जावयास हवी होती. तसे झाले नाही. घरे राहिली, वाचनालये राहिली, गणेशोत्सव राहिले, आणि पुष्कळांनी कामे दूर गेली तरी घर न हलविता जाण्यायेण्याचा त्रास पत्करला. ज्या ग्रंथात काळ नाही आणि नाते नाही, त्याला हे पत्करणे समजत नाही. द. रा. गाडगीळ आणि त्यांच्या गोखले संस्थेतील सहकाऱ्यांनी पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. त्यांत घरोघरची विचारपूस आहे, म्हणून त्यांतले शहर माणसांचे वाटते. पण त्या पाहणीतून उद्याचे शहर काढता येत नाही, आणि लोरींच्या चौकोनांतून ते काढता येते. हा देवाणघेवाणीचा सौदा समीक्षकाने नाकारू नये.

लोरींच्या मागून या रचनेवर मजल्यावर मजले चढले. प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ आला, रस्त्यावरची गर्दी आली, जमिनीचे भाव आले, संगणक मोठे झाले. १९७३ साली डग्लस ली यांनी अमेरिकन नगररचनाकारांच्या नियतकालिकात 'रेक्विएम फॉर लार्ज-स्केल मॉडेल्स' हा लेख लिहिला; मेलेल्यासाठी करावयाच्या प्रार्थनेचे नाव त्यांनी त्याला दिले. या प्रतिमानांची सात पातके त्यांनी मोजली : सर्वच एकदम सांगण्याचा हव्यास, ढोबळपणा, माहितीची अधाशी भूक, मुळातली चुकीची समजूत, गुंतागुंत, यांत्रिकपणा आणि खर्च. लेख बोचरा आहे आणि आजही वाचनीय आहे. यांपैकी ढोबळपणा आणि अधाशीपणा ही जोडी विशेष लक्षात घ्यावी : खायला भरपूर मागायचे आणि सांगताना मात्र मोघम सांगायचे. उपाय म्हणून ली यांनी साधेपणा आणि पारदर्शकता मागितली; आधी प्रश्न ठरवा, मग त्यापुरते गणित करा, असा त्यांचा आग्रह.

तरीही ली यांचे मृत्युलेखन आम्हांस अर्धवट वाटते. हे गणित कोणाच्या हातात आहे, याचा पुरेसा विचार त्यांच्या लेखात नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस एक मोठा बाह्यवळण रस्ता व्हायचा होता. १९९० च्या दशकात तेथील 'थाउजंड फ्रेंड्स ऑफ ऑरेगन' या नागरिकांच्या संस्थेने स्वतः तज्ज्ञ नेमून जमीन, वाहतूक आणि हवा यांचा एकत्र हिशेब करविला. नवी घरे आणि कामे रेल्वेस्थानकांच्या आसपास वसविली तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी गणितात घातला. रस्त्याच्या प्रस्तावासमोर तोलामोलाचा दुसरा प्रस्ताव उभा राहिला आणि तो रस्ता अखेर झाला नाही. प्रतिमान तेच, विचारणारा वेगळा, म्हणून उत्तर वेगळे.

आता गेडिस. स्कॉटलंडचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आला, १९१६ साली त्याने बडोद्याचा अहवाल लिहिला, आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात तो इंदुरास आला. 'टाउन प्लॅनिंग टुवर्ड्‌स सिटी डेव्हलपमेंट' हे त्याच्या अहवालाचे नाव. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फोडण्याच्या अभियांत्रिकी हौसेचा गेडिस यांना तिटकारा होता. एखादे पडके घर काढून तेथे चौक मोकळा करावा, झाड लावावे, विहीर साफ करावी, आणि बाकीची गल्ली राहू द्यावी, अशी त्यांची रीत. आधी गाव पायांनी पाहावे, मग आराखडा काढावा, हा दंडक. स्थळ, काम आणि लोक या तीन शब्दांवर त्यांचे सारे शास्त्र उभे होते. लोरींपाशी काम आहे, लोक संख्येने आहेत, आणि स्थळाच्या जागी चौकोन आहे. दोन ग्रंथांतला भेद याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

गेडिस यांच्याविषयी त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली इंदूरची दिवाळीची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. गावात प्लेगची धास्ती होती, आणि हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो असा लोकांचा समज झाला होता. तेव्हा गेडिस यांनी एक दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढली. घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि झाडूवाल्यांना त्या दिवशी मानाचे स्थान होते. ही हकीकत सहसा स्वच्छतेची म्हणून सांगतात. आम्हांस तिच्यातले दुसरेच कलम मोलाचे वाटते. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या गल्ल्यांतील घरे अधिक स्वच्छ आणि दुरुस्त दिसतील त्या गल्ल्यांतून जाईल, असे त्यांनी आधी जाहीर केले होते. म्हणजे घरांवरून मार्ग ठरला, आणि मार्गाच्या आशेने घरे बदलली. हॅन्सन आणि लोरी यांनी पुढे सूत्रांत बसविलेले ते चक्र या माणसाने एका दिवाळीत, एका नगरात, प्रत्यक्ष फिरवून दाखविले होते.

परंतु गेडिस यांच्या भक्तीत वाहून जाऊन चालणार नाही. त्यांच्या अहवालात दृष्टी आहे, हिशेब फार कमी. एक मोठी पेठ वाचवावी की दोन लहान, कोणत्या वाटेला आधी पैसा द्यावा, अशा ठिकाणी ते वाचकाला आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला सांगतात. आणि तसे डोळे दुसऱ्याला देता येत नाहीत. शिवाय ते दरबारासाठी लिहीत होते. एका राजाने मनावर घेतले तर सर्व होईल, ही कल्पना त्यांच्या वाक्यावाक्यांत आहे. राजाने सर्वच मनावर घेतले नाही. त्यांनी हिरिरीने सुचविलेले विद्यापीठ इंदुरास मिळाले ते १९६४ साली. लोरींच्या ग्रंथाचे वर्षही तेच, हा निव्वळ योगायोग.

जमीन आणि वाहतूक यांचा एकत्र विचार केल्याचे ठळक उदाहरण म्हणजे नवी मुंबई. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात तिची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि पुढे मानखुर्द-बेलापूर लोहमार्गाच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भार सिडकोने जमीन विकून आलेल्या पैशातून उचलला. जमिनीने रेल्वे आणली आणि रेल्वेने जमिनीला किंमत आणली. चक्र जाणूनबुजून फिरविले गेले. मात्र गाडी वाशीला पोहोचली ती १९९२ साली, आणि ज्या सरकारी कचेऱ्यांनी पलीकडे जाऊन मूलभूत रोजगार व्हावयाचे होते, त्या दक्षिण मुंबईतच राहिल्या. ९५ गावांतील शेतकरी हिशेबात कोठे होते, हे जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले तेव्हा सर्वांना दिसले. मोकळी जमीन म्हणून जो चौकोन कोरा दाखविला जातो, तो क्वचितच कोरा असतो.

इंदुराकडे परत येऊ. येथे जमिनीच्या वापराचा आराखडा एका कचेरीत होतो, योजना दुसरी राबविते, बस तिसरी चालविते, मेट्रो चौथी बांधते. आग्रा-मुंबई रस्त्यावर बसगाड्यांसाठी राखून ठेवलेली सुमारे साडेअकरा किलोमीटरची मार्गिका मे २०१३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मोडीत काढण्यास आरंभ झाला. बारा वर्षांच्या वादात जे ऐकू आले ते बहुतेक रस्त्याच्या रुंदीविषयी आणि मोटारींच्या खोळंब्याविषयी होते. त्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंस पायी जाण्याच्या अंतरात किती घरे वाढू द्यावीत, कोणाच्या खिशाला परवडणारी असावीत, कामाच्या कोणत्या जागा तेथे याव्यात, हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. बस हरली किंवा मोटार जिंकली, एवढेच दोन्ही बाजूंनी मोजले.

उलट सुपर कॉरिडॉरवर वाहतूक आधी आणि वस्ती मागून. ३१ मे २०२५ रोजी तेथे सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मेट्रो धावू लागली. आरंभीची नवलाई ओसरल्यावर डबे रिकामे फिरतात म्हणून वृत्तपत्रांनी थट्टा केली. ती थट्टा आम्हांस उथळ वाटते. आधी सोय, मग वस्ती, हा क्रम मुळात चुकीचा नाही. हॅन्सन यांनी तो १९५९ सालीच समजावून दिला आहे. थट्टेऐवजी लोरींच्या वाचकाने विचारावा तो प्रश्न असा : येथे मूलभूत रोजगार कोणता धरला आहे? संगणकीय कंपन्यांचा धरला असेल, तर ते कामगार तेथेच राहतील की शहराच्या दुसऱ्या टोकाहून स्वतःच्या मोटारीने येतील? आणि त्यांना तेथे राहायचेच असेल, तर वजाबाकीत घरांच्या वाट्याला किती जमीन उरविली आहे? ही उत्तरे अहवालाच्या गृहीतकांच्या पानावर असतात. ते पान प्रस्तावना समजून ओलांडण्याचे नव्हे. कथानक तेथेच ठरलेले असते.

आणखी एक चौकोन आहे. माळवा मिल, हुकूमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापडगिरण्यांनी एके काळी इंदुराला दरबाराइतकेच पोसले. परदेशीपुरा आणि नंदानगर येथून गिरणीच्या भोंग्यावर माणसे पायी कामाला जात. काम आणि घर यांतले अंतर चालण्याचे, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्न उद्भवतच नसे. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकूमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास थांबली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये द्यावयाचा दिवस उजाडला तो २५ डिसेंबर २०२३ हा. तीन दशकांत त्यांतील किती जण हयात नव्हते हे त्या घरांना ठाऊक आहे. गिरणीची ४२ एकर जमीन शहराच्या मध्यभागी आहे आणि राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडे गेली आहे. तेथे घरे आणि व्यापारी इमारती व्हावयाच्या आहेत. मेट्रोच्या नियोजित वर्तुळाकार मार्गाचा राजवाड्याकडचा भूमिगत टप्पाही याच जुन्या शहराच्या पोटातून जायचा आहे. त्या ४२ एकरांवर राहायला येणारी माणसे कोठे कामाला जातील, कशाने जातील, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत जी गिरणीवाल्यांची घरे अद्याप उभी आहेत त्यांचे खालचे मजले किती वर्षांत दुकाने होतील, याचा एकत्र हिशेब मांडायला लोरींची पाने पुरेशी आहेत. ते चौकोन भरण्यासाठी गल्लीतून पायी हिंडणारा कोणी गेडिस मात्र लागेल, आणि ते हिंडणे मार्ग आखला जाण्यापूर्वी व्हावे लागेल.